विश्लेषण : गळ्यातले आयडी कार्ड उतरले की सोबत कोण? ‘आयटी’तील एकटेपणाचा प्रश्न काय आहे?

चांगला पगार, वातानुकूलित कार्यालय, शेकडो सहकारी. तरीही माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील अनेकांना अडीअडचणीला हक्काने फोन करावा असे माणूस शहरात सापडत नाही. हा स्वभावाचा दोष आहे की कामाच्या रचनेचा? आणि नोकरकपातीच्या काळात हा प्रश्न अधिक गंभीर का झाला आहे?

जुलै २०२४ मध्ये बेंगळूरुतील एक छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरले. एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीचा हुडी घातलेला अभियंता कोरमंगला भागात शनिवार-रविवारी रिक्षा चालवत होता. पैशांसाठी नव्हे, तर एकटेपणा घालवण्यासाठी आपण हे करतो, असे त्याने प्रवाशाला सांगितल्याचे त्या पोस्टमध्ये म्हटले होते. त्यावर भरपूर विनोद झाले. ‘आमचेही असेच आहे’ म्हणणारेही पुष्कळ निघाले. दिवसभर सहकाऱ्यांच्या घोळक्यात वावरणाऱ्या माणसाला बोलायला म्हणून अनोळखी प्रवासी शोधावे लागत असतील, तर तो गमतीचा विषय उरत नाही. ‘नॅसकॉम’च्या २०२५च्या अंदाजानुसार भारतात सुमारे ५८ लाख लोक तंत्रज्ञान उद्योगात काम करतात. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तळवडे या भागांचे सगळे वेळापत्रकच या उद्योगावर चालते. त्यामुळे हा प्रश्न एका अभियंत्यापुरता नाही.

एकटेपणा म्हणजे नेमके काय?

एकटे असणे आणि एकटे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा माणूस एकटा राहत असूनही समाधानी असू शकतो आणि चारशे जणांच्या कार्यालयात बसूनही एखाद्याला एकटे वाटू शकते. आपल्याला हवी असलेली नाती आणि प्रत्यक्षात असलेली नाती यांतील अंतर म्हणजे एकटेपणा, असा त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक जोडलेपणासाठी स्वतंत्र आयोग नेमला. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती हे त्याच्या दोन अध्यक्षांपैकी एक होते. या आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो, असे त्यात नमूद आहे. एकटेपणा हा म्हातारपणाचा त्रास, हा आपला समज. अहवालानुसार १३ ते २९ या वयोगटातही १७ ते २१ टक्के जणांना तो जाणवतो. आयटीत नव्याने रुजू होणारा बहुतेक वर्ग या वयाचा असतो.

आयटीतच हा प्रश्न तीव्र का?

‘आयटीवाले मुळातच अबोल, स्क्रीनमध्ये डोके घालून बसणारे’ असे उत्तर झटकन दिले जाते. ते सोपे आहे, पण अपुरे आहे. याच मुलांनी महाविद्यालयात गॅदरिंग गाजवलेले असते, वसतिगृहात रात्र-रात्र गप्पा मारलेल्या असतात. नोकरीला लागल्यावर दोन-तीन वर्षांत त्यांचा स्वभाव बदलत नाही. बदलते ती दिवसाची रचना.

पहिली गोष्ट म्हणजे प्रकल्प. बहुतेक सेवा कंपन्यांत टीम ग्राहकाच्या प्रकल्पापुरती बनते. प्रकल्प संपला की माणसे विखुरतात. नवा मॅनेजर, नवी टीम, कधी नवे शहर. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास, मैत्री व्हायला ९० आणि जवळची मैत्री जुळायला २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात. शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, जेवण, भटकंती असे रिकामे तास लागतात. प्रकल्पाच्या वेळापत्रकात नेमके तेच नसतात.

दुसरी गोष्ट घड्याळाची. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. म्हणजे ग्राहकाचा दिवस सुरू होतो तेव्हा इथे कट्ट्यावर बसायची, नाटकाला जायची, शेजाऱ्याकडे डोकवायची, मुलांना बागेत न्यायची वेळ झालेली असते. संध्याकाळचा कॉल तासाभराचा असला तरी तो सगळी संध्याकाळ खातो. रात्रपाळीत असलेल्यांना तर घरातल्यांशीही सुट्टीच्या दिवशीच निवांत बोलता येते.

तिसरी गोष्ट मूल्यमापनाची. ‘बेल कर्व्ह’ पद्धतीत किती जणांना उत्तम श्रेणी मिळणार आणि किती जणांना कमी, याचे प्रमाण आधीच ठरलेले असते. शेजारच्याची श्रेणी वाढली तर आपली घसरू शकते. अनेक कंपन्यांनी ही पद्धत सोडल्याचे जाहीर केले असले तरी तुलना संपलेली नाही. त्यात पगाराबद्दल बोलायचे नाही, असा लिखित किंवा अलिखित नियम असतो. नोकरीतली खरी चिंता ज्याला सर्वांत नीट समजू शकते, तोच स्पर्धक असतो. मग बोलणे हवामान, वाहतूक आणि क्रिकेटपुरते उरते.

चौथी गोष्ट स्थलांतराची. लातूर, जळगाव, नांदेड, अमरावती, सांगलीहून पुण्यात आलेला मुलगा किंवा मुलगी पीजीत राहते. खोलीतले सोबती दर काही महिन्यांनी बदलतात. लांबचा शनिवार-रविवार आला की गावाकडच्या बसचे आरक्षण केले जाते. त्यामुळे पुण्यात ओळखी वाढत नाहीत आणि गावाकडचे मित्रही आपापल्या मार्गाला लागलेले असतात.

घरून काम सुरू झाल्यावर काय बदलले?

करोनाकाळात घरून काम सुरू झाले तेव्हा अनेकांना ते वरदान वाटले आणि ते चुकीचे नव्हते. प्रवासाचे तीन-चार तास वाचले. कित्येक जण गावी आईवडिलांजवळ राहून काम करू शकले. लहान मुले असलेल्या स्त्रियांना नोकरी टिकवता आली. घरून काम म्हणजे एकटेपणा, असे समीकरण मांडणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

पण त्याची एक किंमतही होती. ‘मायक्रोसॉफ्ट’च्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२०च्या पहिल्या सहा महिन्यांतील संवादाचा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सगळेच घरून काम करू लागल्यावर लोक आपापल्या लहान गटांत अडकले. दुसऱ्या गटांतील लोकांबरोबर कामाचा जो वेळ जायचा, त्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. साध्या भाषेत, आपल्या टीमशी बोलणे टिकले. लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये, चहाच्या टपरीवर होणाऱ्या बाहेरच्या ओळखी आटल्या.

‘गॅलप’च्या २०२४च्या जागतिक अहवालात पूर्णवेळ घरून काम करणाऱ्यांपैकी २५ टक्के जणांनी आदल्या दिवशी बराच वेळ एकटे वाटल्याचे सांगितले. पूर्णवेळ कार्यालयात जाणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. फरक आहे, पण कार्यालयात जाणाऱ्यांतही दर सहा जणांत एकाला एकटे वाटते, हेही त्याच आकड्यात दिसते. त्यामुळे ‘सगळ्यांना पाच दिवस कार्यालयात बोलवा, प्रश्न सुटेल’ हा युक्तिवाद टिकत नाही. तासभर वाहतुकीत अडकून पोहोचायचे, हेडफोन लावून दुसऱ्या शहरातल्या टीमशी व्हिडीओ कॉलवर बोलायचे आणि पुन्हा वाहतुकीत अडकायचे, याने कोणाची मैत्री होत नाही.

नोकरकपातीशी याचा संबंध काय?

इथे हा विषय भावनांपुरता राहत नाही, तो पोटापाण्याचा होतो. जुलै २०२५ मध्ये ‘टीसीएस’ने जगभरातील सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याचा फटका प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीला बसेल, असे तेव्हा सांगण्यात आले. ज्यांच्या डोक्यावर घराचे हप्ते असतात, मुले शाळेत असतात आणि आईवडील म्हातारे झालेले असतात, अशांचीच ही फळी.

नोकरी गेल्याच्या दिवशी काय होते? लॅपटॉप परत घेतला जातो, कंपनीचा ईमेल बंद होतो, टीमच्या चॅटमधून नाव निघते. पंधरा वर्षांचे बोलणे ज्या खात्यांतून झाले ती खाती कंपनीची असतात. सहकाऱ्यांपैकी काही जण फोन करतात. बरेच जण करत नाहीत. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. काय बोलावे ते सुचत नाही आणि पुढचा क्रमांक आपला असेल, ही भीतीही असते. ज्या माणसाच्या सगळ्या ओळखी गळ्यातल्या आयडी कार्डाला बांधलेल्या होत्या, त्याच्या पगाराबरोबर ओळखीही जातात.

नवी नोकरी शोधायला मात्र नेमक्या ओळखीच लागतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले की नोकरीची खबर अनेकदा जिवलगांकडून नव्हे, तर जुजबी ओळखीच्या माणसाकडून मिळते. कारण जिवलगांना जे माहीत असते ते आपल्यालाही आधीच माहीत असते. ‘लिंक्डइन’वरील दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. त्यातही अशा मध्यम-जुजबी ओळखींचा उपयोग सर्वाधिक दिसला, आणि डिजिटल कामाचे प्रमाण जास्त असलेल्या क्षेत्रांत तो अधिक होता. म्हणजे कँटीनमधल्या त्या किरकोळ ओळखी किरकोळ नसतात.

परदेशात असलेल्या मराठी अभियंत्यांसाठी तर हा प्रश्न तारखेला बांधलेला असतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दुसरी नोकरी शोधायला किंवा पुढची सोय लावायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. त्या दोन महिन्यांत अर्ज पुढे सरकवणारा, तात्पुरते घर देणारा, मुलांना शाळेतून आणणारा कोणी तरी लागतो. तिथल्या महाराष्ट्र मंडळांकडे आपण गणपती, दिवाळी आणि नाटकांपुरते पाहतो. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०२४चे अधिवेशन सॅन होजे येथे, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतच झाले. अशा मंडळांत वर्षानुवर्षे सतरंज्या उचललेल्या माणसाला अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा हे माहीत असते. कधीच न गेलेल्याला ते माहीत नसते.

कंपनी म्हणते ‘आपण कुटुंब आहोत’. मग अडते कुठे?

टीम आउटिंग, फन फ्रायडे, टाउन हॉल, एथ्निक डे, मनःस्वास्थ्यासाठी हेल्पलाइन हे सगळे कंपन्या करतात. ते निरुपयोगी नाही. पहिल्या नोकरीतल्या मुलामुलींना त्यातून चार चेहरे ओळखीचे होतात. पण त्याची मर्यादा ओळखायला हवी.

कंपनीने घडवलेले नाते कंपनीच्या गरजेपुरते असते. ज्या मॅनेजरकडे श्रेणी ठरवण्याचा अधिकार आहे, त्याच्यासमोर ‘मला झेपत नाही’ असे सहलीतही कोणी म्हणत नाही. दिवाळीला रांगोळी काढणारे ‘कुटुंब’ मार्चमध्ये यादी काढते, हे कर्मचाऱ्यांनाही कळते. कंपनीने नोकरी देणारी संस्था म्हणून नीट वागावे, एवढे पुरे. कुटुंबाचा आव आणण्याची गरज नाही. नीट वागणे म्हणजे ठरलेले कामाचे तास, कॉलच्या पाळ्या सगळ्यांत वाटून घेणे, कपातीआधी पुरेशी सूचना आणि निरोप घ्यायला वेळ. एका ईमेलने तासाभरात बाहेर काढलेला माणूस फक्त स्वतः दुखावत नाही. मागे राहिलेल्यांनाही ‘इथे जीव लावू नका’ हा धडा मिळतो.

मग समुदाय टिकले कुठे?

आयटीतले सगळेच एकाकी आहेत, असे चित्र रंगवणेही खोटे ठरेल. गणेशोत्सवाच्या आधी पुण्यात नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तेव्हा खांद्यावरची लॅपटॉपची बॅग कडेला ठेवून ढोल बांधणारे तरुण-तरुणी मोठ्या संख्येने दिसतात. आषाढी वारीत ‘आयटी दिंडी’च्या नावाने अभियंते आळंदी-पुण्याच्या वाटेवर चालतात. शनिवारी रात्री निघून राजमाची, हरिश्चंद्रगड गाठणारे ट्रेकचे गट आहेत. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपसारखा तंत्रप्रेमींचा गट अनेक वर्षे चालत आला आहे. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ‘जीएनयूनिफाय’ ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद याच गटाच्या सहकार्याने भरत आली.

वरवर पाहता ढोल आणि लिनक्स यांचा काही संबंध नाही. पण टिकलेल्या गटांत काही गोष्टी समान दिसतात.

एक, भेटीचा दिवस ठरलेला असतो. ‘कधी तरी भेटू’ म्हणणारे भेटत नाहीत. ‘दर शनिवारी सहा वाजता’ म्हणणारे भेटतात.

दोन, भेटून करायला काही तरी काम असते. ‘ओळख वाढवा’ म्हणून बोलावले तर अबोल माणूस कोपऱ्यात उभा राहतो. त्याच्या हातात टिपरू दिले, पाठीवर सामानाची सॅक दिली किंवा समोर न चालणारा प्रोग्राम ठेवला, की तो आपोआप बोलू लागतो.

तीन, तिथे पदनाम चालत नाही. पथकात पहिल्या वर्षाचा पोरगा डिलिव्हरी हेडला ताल चुकल्याचे सांगू शकतो. कार्यालयात ते शक्य नसते.

चार, गट कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसतो. नोकरी बदलली, गेली, तरी पुढच्या शनिवारी जाता येते. नोकरकपातीच्या काळात हा चौथा मुद्दा सर्वांत मोलाचा.

हे गट सर्वांसाठी खुले आहेत का?

पूर्णपणे नाहीत, आणि हे मान्य करायला हवे. भारतीय तंत्रज्ञान उद्योगात स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. पण रात्री उशिरापर्यंत चालणारा सराव, मुक्कामी ट्रेक किंवा शनिवार संध्याकाळची तांत्रिक बैठक या वेळा घर सांभाळणाऱ्या बाईला गैरसोयीच्या असतात. नवरा ट्रेकला जातो आणि त्याचे मित्रमंडळ वाढते. तिचे मित्रमंडळ शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपुरते राहते, हे अनेक घरांतले वास्तव आहे. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे शहर बदलणारीला तर दर वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते.

भाषेची भिंतही आहे. पुण्यात ओडिशा, बिहार, केरळ, आसामातून आलेल्या अभियंत्यांना मराठी गटांत जाताना संकोच वाटतो. आपणही त्यांना ‘बाहेरचे’ म्हणून सोडून देतो. तेच बेंगळूरु किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी मुलाच्या वाट्याला येते. तिथे त्याला जसा कोणी तरी बोलवावा असे आपल्याला वाटते, तसे इथे आपण बोलवायला हवे. भाषा शिकवण्याचा आग्रह चहाच्या टेबलावर जितका सहज पुरा होतो, तितका भांडणातून होत नाही.

सोसायट्यांचे नियमही याला हातभार लावतात. अविवाहितांना घर न देणे, भाडेकरूंना कार्यक्रमांत न धरणे, क्लबहाऊस फक्त मालकांसाठी ठेवणे असे प्रकार अनेक ठिकाणी होतात. ज्या इमारतीत पाच वर्षे राहायचे, तिथेच परके म्हणून राहायचे, असा त्याचा अर्थ होतो.

शहराची जबाबदारी कोणती?

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी. आणि जिथे कोणीही यावे, बसावे, बोलावे ती तिसरी. आपल्याकडे पार, कट्टा, वाचनालय, तालीम, अमृततुल्यचे बाकडे या अशाच जागा. जुन्या पुण्यात त्या होत्या आणि काही अजून आहेत. आयटीसाठी उभ्या राहिलेल्या नव्या वस्त्यांत त्या कुठे आहेत?

हिंजवडीचे उदाहरण पाहा. मुळशी तालुक्यातील या गावांभोवती राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढत गेले. उद्यान एमआयडीसीचे, भोवतालचे नियोजन पीएमआरडीएचे आणि गावांचा कारभार ग्रामपंचायतींचा, अशा विभागणीत रस्ता, पाणी, कचरा हेच वर्षानुवर्षांचे वाद होऊन बसले. तिथे सार्वजनिक वाचनालय, नाट्यगृह, मैदान मागणार कोण? भेटायचे तर मॉल किंवा महागडे कॅफे, जिथे बसायचे पैसे पडतात. पगार झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात ते परवडते. नोकरी गेलेल्याला परवडत नाही, आणि गरज त्यालाच सर्वाधिक असते.

हडपसरजवळची मगरपट्टा सिटी वेगळ्या वाटेने गेली. शेतकऱ्यांनी जमीन विकून मोकळे न होता एकत्र येऊन सुमारे ४०० एकरांवर नगर उभारले. घर, कार्यालय, शाळा आणि बाग चालत जाण्याच्या अंतरावर ठेवली. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही आणि तिथली घरे सर्वांना परवडणारी नाहीत. पण घर आणि कार्यालय जवळ असले की संध्याकाळ हाती लागते, एवढे त्यावरून समजते. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेकडेही केवळ वाहतुकीची सोय म्हणून पाहू नये. रोजचा वाचलेला तास म्हणजे कोणाला तरी देता येणारा तास.

संघटना हा पर्याय आहे का?

‘युनियन’ म्हटले की आयटीतला माणूस बिचकतो. आपण कामगार नाही, व्यावसायिक आहोत, ही भावना त्यामागे आहे. तरीही चित्र हळूहळू बदलते आहे. आयटी कंपन्यांतील कर्मचारीही कामगार संघटना स्थापन करू शकतात, असे तमिळनाडू सरकारने २०१६ मध्ये स्पष्ट केले. कर्नाटकात २०१७ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांची संघटना नोंदवली गेली. पुण्यातील ‘नाइट्स’ ही संघटना कपात, लांबलेली रुजुवात, सक्तीचे राजीनामे यांबाबत कामगार खात्याकडे तक्रारी करत आली आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही, पण विषय ऐरणीवर आला. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे.

मॅनेजर पदावरचा अभियंता कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरतो का, यावर वाद आहेत. पण संघटनेचा एक फायदा न्यायालयाबाहेरचा असतो. सक्तीने राजीनामा लिहून घेतलेला माणूस ‘माझ्यातच काही कमी असेल’ असे मानून गप्प बसतो. तशाच दहा जणांना भेटला की त्याला कळते, की दोष आपला नव्हता. लाज कमी झाली की माणूस बोलतो, आणि बोलला की मार्ग निघतो. संघटना नको असेल त्यांनी माजी सहकाऱ्यांचा साधा गट केला तरी चालेल. तो कंपनीच्या खात्यावर मात्र नसावा.

आता काय करता येईल?

मोठ्या गोष्टींना वेळ लागेल. ग्रामपंचायती, महापालिका, पीएमआरडीए यांनी नव्या वस्त्यांत अभ्यासिका, छोटी सभागृहे, मैदाने राखून ठेवावीत आणि ती रात्री दहापर्यंत खुली ठेवावीत. शाळांचे वर्ग शनिवारी-रविवारी नाममात्र भाड्याने गटांना द्यावेत. सोसायट्यांनी भाडेकरूंना कार्यक्रमांत आणि समित्यांत स्थान द्यावे. कंपन्यांनी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तरी कॉलमुक्त ठेवून पाहाव्यात.

व्यक्ती म्हणून करण्यासारखे थोडे आहे, पण आहे. कंपनीशी संबंध नसलेला एक तरी गट धरावा आणि महिन्यातून दोनदा जावे. पहिल्या तीन-चार भेटींत परके वाटणारच, म्हणून सोडू नये. सहकाऱ्यांचे वैयक्तिक क्रमांक कंपनीच्या चॅटबाहेर जपून ठेवावेत. नोकरी गेलेल्या सहकाऱ्याला त्याच आठवड्यात फोन करावा. सल्ला देण्याची गरज नाही, ‘चहाला भेटू’ एवढे म्हटले तरी पुरते. आणि मन फारच खचले असेल, झोप उडाली असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तिथे मराठीतही बोलता येते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या उद्योगाने मराठी मध्यमवर्गाला घर, गाडी, परदेशप्रवास दिला. त्याचबरोबर ओळखीपाळखीचे सगळे भांडवल एकाच खात्यात, कंपनीच्या खात्यात, ठेवायची सवयही लावली. पगार एकाच ठिकाणी गुंतवू नये हे आयटीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माणसांच्या बाबतीत तोच नियम आपण विसरलो. ज्याची नोकरी आज शाबूत आहे त्याने या शनिवारी, आयडी कार्ड घरी ठेवून, कुठे तरी जाऊन यावे. नोकरी गेल्यावर समुदाय शोधायला निघालेल्याला तो मिळतो, पण फार उशिरा.